पुणे ते गोवा पहिल्यांदाच बाईकवरून: आधी एका दिवसाचे दोन दिवस कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय पंचवीस, गिअरची बाईक शिकून आठ महिने झाले, गाडी १६० सीसीची आणि एबीएसवाली (म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेली). आजवरचा सगळ्यात लांबचा पल्ला पुणे–लोणावळा. डिसेंबरात मावसभावाबरोबर, दोघांच्या दोन गाड्या घेऊन गोव्याला जायचंय. पहाटे तीनला निघून अंधार पडेपर्यंत पणजी गाठायची, असं भावाने ठरवून टाकलंय. घरच्यांना धास्ती वाटतेय आणि तू विचारतेस, काय काय विकत घेऊ?

खरेदीचं सांगते, पण थोडं थांब. मी नवशिक्या रायडर्सना घेऊन घाटमाथ्यावर आणि कोकणात जाते. पहिल्या लांबच्या राइडला जे बिनसतं, ते क्वचितच गाडीचं असतं. सकाळी झकास चालवणारी माणसं दुपारी चारनंतर वेगळीच चालवायला लागतात. गिअर चुकतो, ब्रेक उशिरा लागतो, वळणावर गाडी आपोआप मधल्या पट्ट्याकडे सरकते. विचारलं तर म्हणतात, ‘नाही नाही, मी फ्रेश आहे.’ ही वेळ घाटात येऊ द्यायची नाही, एवढ्या एका गोष्टीभोवती तुझी सगळी तयारी हवी.

आता भावाचा हिशोब बघू. पुणे–पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. गाडी सत्तरने आरामात चालते, म्हणजे साडेसहा तास, वर चहापाण्याचे दोन. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात पेट्रोल, नाश्ता, हायवेच्या कामांमुळे पडलेली डायव्हर्जन्स, निपाणीपुढचा दुपदरी रस्ता आणि घाट धरून नवख्या माणसाची सरासरी ताशी चाळीसच्या वर जात नाही. म्हणजे अकरा-साडेअकरा तास झाले. डिसेंबरात पुण्यात उजाडतं सातच्या सुमाराला आणि सूर्य मावळतो सहाला. दिवसच मुळी अकरा तासांचा. एका दिवसात करायचं म्हटलं की एक टोक अंधारात जाणारच, आणि आंबोलीचा उतार नेमका तू सगळ्यात जास्त दमलेली असताना येणार.

म्हणून दोन दिवस कर. पहिल्या दिवशी पुणे–कोल्हापूर, जेमतेम दोनशे पस्तीस-चाळीस किलोमीटर, बहुतेक सगळा चारपदरी हायवे. सातला निघालीस तर दोनपर्यंत कोल्हापुरात. अंघोळ, झोप, संध्याकाळी रंकाळा. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, दाणोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीवरून गोव्यात. हेही साधारण सव्वादोनशेच्या आतबाहेर. सकाळी निघून अकरा-बाराच्या दरम्यान आंबोलीत पोचशील, म्हणजे घाट भर उजेडात, ताज्या डोक्याने. भाऊ म्हणेल एक दिवस वाया गेला. त्याला सांग, कोल्हापुरात मुक्काम केलेला दिवस वाया गेला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पहाटे तीनला निघायला माझा विरोध का, ते ज्यांनी हा रस्ता हंगामात रात्री पाहिलाय त्यांना सांगावं लागत नाही. डिसेंबर म्हणजे उसाच्या गळिताचे दिवस. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, सगळा पट्टा साखर कारखान्यांचा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वरून आणि बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे लाल दिवा नाही, असलाच तर चिखलाने माखलेला. ही वाहतूक रात्रभर चालते. हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली वेगळी दिसत नाही, काळोखाचाच एक तुकडा जरा जास्त काळा वाटतो. तू सत्तरने, ती पंधराने. कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. पंक्चर झालेली ट्रॉली तर रस्त्यातच उभी करतात, मागे चार दगड आणि एक फांदी ठेवून. ट्रॅक्टर निघून गेला तरी दगड तिथेच राहतात. त्यात कृष्णाकाठी पहाटे धुकं. सांडलेला ऊस आणि पाचट दिवसाही सांभाळायचंच असतं, पण दिवसा ते दिसतं तरी. तेव्हा नियम साधा ठेव: सूर्य उगवल्यावर गाडी सुरू, मावळायच्या एक तास आधी बंद.

आता सराव. निघायला किती आठवडे आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, पण सहा धरून चालते. पहिले दोन आठवडे एखादं मोकळं मैदान किंवा रविवारी सकाळची रिकामी एमआयडीसी शोध आणि फक्त ब्रेक मार. चाळीसच्या वेगात ये, दोन्ही ब्रेक एकदम न आवळता चढत्या दाबाने लाव, गाडी सरळ थांबव. मग पन्नासवरून, मग साठवरून. पुढच्या ब्रेकला घाबरणं सोडायचं आहे, कारण थांबवण्याचं जास्तीत जास्त काम तोच करतो. एबीएस चालू झाल्यावर लिव्हर बोटांखाली थडथडतं. पहिल्यांदा ते जाणवलं की माणूस दचकून ब्रेक सोडतो. ते थडथडणं मैदानातच ओळखीचं करून घे. दुसरी गोष्ट, वळताना हँडल. तीसच्या वरच्या वेगात डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी डावीकडे कलते आणि वळते. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघितलंस की कळेल, तू आपोआप तेच करत होतीस. जाणून करता आलं की अचानक खड्डा चुकवता येतो. आणि नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलीस तर खड्ड्यातच जाशील. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघ.

नंतर एक दिवस पुणे–पाचगणी–पुणे. दोनशे किलोमीटर होतात आणि गोव्याच्या रस्त्याची बरीचशी रंगीत तालीम त्यातच होते: कात्रजच्या बोगद्याबाहेरची ट्रकची गर्दी, खंबाटकी, वाईनंतर पसरणीचा घाट, आणि परतताना खंबाटकीचा बोगदा व नवले पुलाकडचा तो लांबलचक उतार, जिथे मागून येणाऱ्या अवजड गाड्यांवर आरशातून नजर ठेवावीच लागते. ही राइड पूर्ण सामान लादून कर. हो, गोव्याला नेणार तेवढंच, तसंच बांधून. लोक हसतील, हसू देत. परत आल्यावर कागद घेऊन लिही: कुठे दुखलं, काय हललं, काय वापरलंच नाही. मनगटं दुखली तर लिव्हरचा कोन बदलावा लागेल. माकडहाड दुखलं तर बसण्याची जागा पुढेमागे करून बघ. मान आणि खांदे दुखले तर पाठीवरची सॅक काढ. हे शनिवारी-रविवारी करू नकोस, त्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी निम्मं पुणे असतं.

गाडीबद्दल लोकांनी तुला बरंच घाबरवलेलं दिसतंय. १६० सीसीचं एअरकूल्ड इंजिन साडेचारशे किलोमीटर सहज ओढतं. दर तासाला थांबून इंजिन थंड करायची काही गरज नाही. थांबायचंच, पण स्वतःसाठी. सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी अजिबात करू नको, आठ-दहा दिवस आधी कर आणि मग शंभर-दीडशे किलोमीटर गावात चालव. ऑइलचा बोल्ट नीट आवळलेला नसणं, चेन जास्त ताणली जाणं, ब्रेकचं पेडल खाली-वर होणं ही सगळी सर्व्हिसिंगनंतरची दुखणी आहेत. ती घराजवळ उघडी पडलेली बरी.

मेकॅनिकवर सोडून न देता तीन गोष्टी स्वतः बघायला शीक. पहिली चेन. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रल. खालच्या बाजूला चेनच्या दोन्ही दातेरी चक्रांच्या मधोमध बोटाने चेन वर-खाली कर. बहुतेक गाड्यांना वीस ते तीस मिलिमीटर हालचाल लागते, तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असेल. मग चाक थोडं फिरव आणि पुन्हा बघ, असं तीन-चार जागी. एका जागी सैल आणि दुसरीकडे ताठ लागली, तर चेन असमान झिजलीय, ती बदलायची वेळ झाली. दर पाचशे किलोमीटरला चेनल्युब मारायचं, म्हणजे तिथे पोचल्यावर एकदा. छोटी बाटली सोबत ठेव.

दुसरी टायर. हवा सकाळी, गाडी थंड असताना भर. स्टिकरवर दोन आकडे असतात, एकट्याचा आणि डबलसीटचा. सामान लादलं की मागच्या टायरला डबलसीटच्या आकड्याच्या जवळ जायचं. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले सापडतील. ३२२१ असेल तर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. पाच वर्षांच्या वरचा असेल तर नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. तुझे टायर बहुधा ट्यूबलेस असतील. त्याचं पंक्चर किट घे आणि घरी जुन्या टायरवर एकदा तरी किटमधली रबरी दोरी भोकात घालून बघ, रस्त्याच्या कडेला पहिला प्रयोग नको. खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नको. आधी हवा बघ. टिकत असेल तर पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत तसंच जाता येतं.

तिसरी, क्लचची तार. लिव्हरच्या टोकाशी तारेचा एखादा धागा उसवलेला दिसला की ती बदलायची. नवीन तार सोबत ठेवणारे लोक जुन्या तारेला समांतर ती टेपने गुंडाळूनच ठेवतात, म्हणजे वेळ आली की दहा मिनिटांचं काम. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: मागे सामान लादलं की गाडीचं शेपूट बसतं आणि हेडलाइट वर उचलला जातो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. सामान बांधून भिंतीसमोर उभी करून लाइट खाली आणून घे.

सामानाचं गणित सोपं आहे. जड ते खाली, सीटच्या जवळ आणि दोन्ही बाजूंना सारखं. हलकं ते वर. सॅडलबॅग सायलेन्सरला टेकते का, हे गाडीवर बसून बघ, कारण तुझ्या वजनाने सस्पेन्शन बसलं की बॅग खाली येते. टोकाला हूक असलेल्या रबरी दोऱ्यांवर भिस्त ठेवू नको, त्या ताणून ताणून ढिल्या होतात. बकलच्या पट्ट्या घे आणि पट्टीची लोंबती टोकं गाठ मारून आत खोच, मागच्या चाकात गेली तर चाकच अडकतं. बांधून झालं की बॅग धरून जोरात हलव. बॅगेबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे. खेड शिवापूरला चहाला थांबशीलच, तिथे पुन्हा एकदा आवळ. सगळं मिळून दहा-बारा किलोच्या वर जाऊ देऊ नको. गोव्यात कपडे धुता येतात, आणि टीशर्ट तिथे विकतही मिळतात.

आता तुझी खरेदी. पैसे मोजकेच असतील तर क्रम असा लाव: हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, जॅकेट, नीगार्ड. बाकी सगळं नंतर. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय शिक्क्याचं. घालून हनुवटीला धरून डावीकडे-उजवीकडे हलव. गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट फिरतंय आणि चेहरा जागच्या जागी, तर ते मोठं आहे. घरी अर्धा-पाऊण तास घालून बस. कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं तर तो आकार तुझा नाही, किंमत कितीही असो. केसांचा उंच पोनीटेल नको, हेल्मेट मागून उचललं जातं. खाली वेणी घालायची आणि वेणी जॅकेटच्या आत. आणि पुण्यातल्या मुलींना मी हात जोडून सांगते तो मुद्दा: स्कार्फ. तोंडाला गुंडाळून टोकं वाऱ्यावर सोडायची सवय गावात चालून जाते, हायवेवर चेनमध्ये गेली तर गळ्याशी येतं. बालाक्लावा, म्हणजे हेल्मेटच्या आत घालायची डोकं-मान झाकणारी घट्ट टोपी वापर, स्वस्त असते. बुटांच्या नाड्याही आत खोच, डाव्या बुटाची नाडी गिअर लिव्हरला अडकते आणि ते कळतं नेमकं सिग्नलला पाय टेकवताना. जॅकेट महाग वाटलं तर पुण्यात भाड्याने मिळतं. सकाळच्या थंडीला आतून एक जाडसर टीशर्ट, आणि छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी. जुनी युक्ती आहे, अजून कामाला येते. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो, म्हणून हातमोज्यांमध्ये काटकसर नको.

फोन हँडलला लावून मॅप बघत जाऊ नकोस. एक तर नजर खाली जाते, दुसरं म्हणजे सिंगल सिलिंडर गाडीच्या थरथरीने चांगल्या फोनच्या कॅमेऱ्याची वाट लागू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला होता. मॅप ऑफलाइन उतरवून खिशात ठेव आणि टाकीवर एक चिठ्ठी चिकटव: निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, दाणोली, सावंतवाडी, बांदा. चुकलीस तर माणसांना विचार. निपाणी कर्नाटकात असली तरी मराठीत विचारलंस तर मराठीतच उत्तर मिळेल. पेट्रोल निपाणीत भरून घे आणि टाकी अर्ध्यावर आली की पंप दिसेल तिथे भर.

हायवेवर वेग पासष्ट-सत्तर पुरे. दुचाकीची केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादाही ८० च आहे. ट्रकवाले उजव्या लेनमधून चाळीसने चालतात आणि आपल्याला डावीकडून सुटायचा मोह होतो. डाव्या लेनमध्ये मात्र उभे ट्रक असतात आणि हॉटेलकडे उलट दिशेने येणारे गाववाले, तेही एका गाडीवर तिघं. डावीकडून जायचंच झालं तर पुढचा रस्ता लांबवर रिकामा दिसल्याशिवाय नाही. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तूही दिसत नाहीस. तिथे रेंगाळायचं नाही, मागे तरी राहायचं किंवा पुढे तरी निघून जायचं.

घाटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझा खरा पेपर तोच. पुण्याकडून जाताना आंबोली चढायची नसते, उतरायची असते. आजऱ्याकडून तू घाटमाथ्यावरूनच येतेस आणि आंबोली गाव सोडलं की रस्ता दाणोलीपर्यंत खाली खाली जातो. उतारावर नवखी माणसं एकच गोष्ट करतात: टॉप गिअर, क्लच अर्धा दाबलेला आणि मागचा ब्रेक सतत पायाखाली. दहा मिनिटांत ब्रेक तापतो, जळका वास येतो, पेडल मऊ लागतं. त्याऐवजी घाट सुरू होण्याआधीच तिसरा टाक, तीव्र उतारावर दुसरा, ॲक्सिलरेटर सोड आणि क्लचवरचा हात काढ. इंजिन मोठ्याने आवाज करेल. या आवाजाला घाबरून लोक क्लच दाबतात, आणि क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते. ओरडू दे इंजिनाला, त्याला काही होत नाही, ते तुला धरून ठेवतंय. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणारे महाभाग दिसतील, त्यांच्या नादी लागू नको.

वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी कर, गिअर खाली टाक, आणि मग वळणात शिर. वळणात ब्रेक शोधायची वेळ येऊ नये. नजर वळणाच्या शेवटाकडे, पुढच्या चाकासमोर नाही. आपल्या बाजूच्या डाव्या अर्ध्यातच राहा, मधल्या पट्ट्याला चिकटून जाणं सिनेमातलं. खालून एसटी येत असेल तर आखूड वळणावर तिला तुझ्या बाजूची जागा लागते, तेव्हा अलीकडेच थांब. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे आणि कायदाही. अगदी कडेलाही जाऊ नको, तिथे जांभ्याची लाल बारीक खडी साचते आणि कोरड्या दिवसातही चाक सटकतं. कोकणात उतरल्यावर तर चिऱ्यांचे ट्रक ही माती सांडत चाललेले असतात. आंबोलीत माकडं रस्त्यावर बसतात, कारण पर्यटक त्यांना वेफर्स घालतात. तू घालू नको आणि हातात खाऊची पिशवी घेऊन गाडीजवळ उभीही राहू नको.

दोघांमध्ये पुढे कोण? तू. भावाला पटणार नाही. अनुभवी माणूस पुढे असला की तो स्वतःच्या वेगाने जातो आणि नवखा त्याला गाठायला म्हणून कुवतीबाहेर चालवतो. नवखा पुढे असला की वेग त्याचा आणि मागच्याला सगळं दिसतं. एकाच रेषेत चालू नका, एक उजवीकडे, एक डावीकडे, मध्ये किमान दोन सेकंदांचं अंतर. मागचा दिसेनासा झाला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं, फोन लावत चालायचं नाही. आणि ‘मी दमले’ हे पहिल्यांदा ज्याच्या तोंडून येईल त्याच्यासाठी दुसऱ्याने विनातक्रार थांबायचं, हे निघायच्या आधीच ठरवून घ्या.

दर साठ-सत्तर किलोमीटरला थांबायचंच, दमली नसलीस तरी. खाली उतर, हेल्मेट काढ, चार पावलं चाल, पाणी पी. इथे एक बाईमाणूस म्हणून सांगते: स्वच्छतागृहाच्या भीतीने आपण पाणीच पीत नाही. मग दुपारी डोकं धरतं, पायात गोळे येतात आणि दोष उन्हाला जातो. हायवेवरचे मोठे पेट्रोलपंप आणि फूडमॉल बरे असतात, कोल्हापूरच्या पुढे निपाणी आणि सावंतवाडी लक्षात ठेव. सोबत टिश्यू, साबणाच्या चकत्या आणि दोन जास्तीचे पॅड. पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं. जेवण हलकं. कोल्हापुरातला तांबडा-पांढरा रात्रीसाठी, दुसऱ्या दिवशी पुढे गाडी असताना दुपारी नको. शेवटच्या पाच किलोमीटरमधलं काहीच आठवत नसेल, गिअर दोनदा चुकला असेल किंवा हेल्मेटच्या आत जांभया येत असतील तर पुढचा चहा हाच मुक्काम समजून वीस मिनिटं डोळे मीट.

कागदपत्रं: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली चालतात, पण रेंज नसताना उघडतीलच असं नाही, तेव्हा मूळ कागदही सोबत ठेव. विम्यात मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते बघ. जॅकेटच्या खिशात रक्तगट आणि घरचे दोन नंबर लिहिलेला कागद. १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. घरच्यांची धास्ती कमी करायला लाइव्ह लोकेशनपेक्षा ठरलेल्या जागांवरून फोन करणं बरं: सातारा, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी. लोकेशन घाटात अडकून बसतं आणि आई तिकडे देव पाण्यात घालून बसते.

भावाच्या डोक्यात सागरी मार्गाचं खूळ आहे असं लिहिलंस. रस्ता देखणाच आहे. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, या सगळ्या फेरीबोटी बाईक घेतात. पण अरुंद रस्ते, सतत चढउतार आणि बोटीच्या वेळा पाहता त्याला चार दिवस हवेत. पुढच्या वेळी. तुमच्यातलं कुणी मुंबईहून येणार असेल तर एवढं सांग की एक्सप्रेसवे आणि अटल सेतू दोन्हीकडे दुचाकीला बंदी आहे.

तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या घे. नाताळ ते एकतीस डिसेंबर गोव्यात खोल्यांचे भाव चढतात आणि हायवेवर रात्रभर गाडी चालवून आलेले, पेंगुळलेले कारवाले तुझ्या आजूबाजूला असतात.

गोव्यात गाडी बीचच्या वाळूत नेऊ नको, तिथे बंदी आहे, दंड होतो आणि चेनमध्ये वाळू जाते ती वेगळीच. परतीच्या आदल्या संध्याकाळी चेन पुसून ल्युब मार, हवा तपास. पेट्रोल तिथेच भरून घे, सहसा महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. बाटल्या आणायचा विचार असेल तर परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी होते. परतीचेही दोनच दिवस धर, आणि पुण्यात रविवारी संध्याकाळी शिरायचं होणार नाही असं बघ. महाबळेश्वर-पाचगणीहून परतणारी सगळी गर्दी त्या वेळी खंबाटकीच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत तुंबलेली असते. रविवारची रात्र कोल्हापुरात काढ आणि सोमवारी नाश्ता करून निघ. भावाला सोमवारी ऑफिस असेल तर त्याने आताच रजा टाकावी.